अर्ध्या इंचाचा हिशेब

(दृश्य: व्हाइसमध्ये आडवा आवळलेला गोल्फ क्लबचा शाफ्ट, म्हणजे दांडा. पाइप कटरचं चाक त्याच्याभोवती फिरतंय.)

कटरचे सहा-सात फेरे, मग टक् असा बारीक आवाज, आणि अर्ध्या इंचाचा स्टीलचा तुकडा टेबलावर घरंगळतो. शाफ्ट आखूड करायचं काम एवढंच.

तुकडा वजनकाट्यावर जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतो. पण पुन्हा ग्रिप, म्हणजे मूठ, चढवून हाच क्लब, धातूच्या पातळ डोक्याचा सात नंबरचा आयर्न, फिरवून बघा. हातात नुसती काठी आल्यासारखं वाटतं. चेंडूला लागणारं डोकं कुठे आहे, तेच कळत नाही. दोन ग्रॅमांनी एवढा फरक?

दोन ग्रॅमांनी नाही. हातोडा दांड्याच्या टोकाशी धरा, मग हात वर सरकवून मधोमध धरा. हातोडा तोच, पण मनगटाला तो एकदम हलका लागतो. डोकं हातापासून किती लांब आहे, त्यावर सगळा खेळ.

(दृश्य: स्विंगवेटच्या काट्यावर क्लब आडवा टेकवला जातो. सरकतं वजन बोटाने पुढे ढकललं जातं.)

हा स्विंगवेटचा काटा. नावात वजन असलं, तरी हा तोल मोजतो. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू, आणि त्यापलीकडे डोक्याची बाजू किती जड पडते, ते अक्षर आणि अंकात. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. ए पासून जी पर्यंत अक्षरं, प्रत्येकात ० ते ९. पुरुषांसाठीचे तयार क्लब बहुधा डी-० ते डी-३ च्या आसपास, स्त्रियांसाठीचे सी मध्ये. आता टेकू १४ इंचांवरच का? निसर्गाचा तसा काही नियम नाही. १२ इंचांच्या टेकूचे काटेही वापरले गेलेत. सोयीची मोजपट्टी आहे ही, देववाणी नव्हे.

आता आपला आयर्न. त्याचं डोकं साधारण २७० ग्रॅमचं. ते अर्धा इंच टेकूकडे आलं, म्हणजे वजन गुणिले अंतर, १३५ ग्रॅम-इंच कमी झाले. स्विंगवेटचा एक पॉइंट, म्हणजे डी-१ ते डी-२ एवढी एक पायरी, सुमारे ५० ग्रॅम-इंचांची. पावणेतीन पॉइंट इथेच गेले. शाफ्टही सरकला, त्याचे थोडे आणखी. मागचा तुकडा गेला, त्याचे थोडे परत. गोळाबेरीज अर्ध्या इंचाला तीन पॉइंट. डी-२ चा क्लब सी-९ वर.

(दृश्य: क्लबच्या पाठीवर शिशाची चिकटपट्टी अंगठ्याने दाबली जाते.)

भरपाई डोक्याकडूनच करायची. आयर्नला साधारण २ ग्रॅमला एक पॉइंट, म्हणजे तीन पॉइंटांना सहा-सात ग्रॅम. ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायचा क्लब, जास्त लांब असतो, त्यामुळे तिथे पावणेदोन ग्रॅमही पुरतात. तयार सेट नीट पाहिला तर हाच हिशेब सापडतो: पुढच्या नंबरचा आयर्न अर्धा इंच आखूड, आणि डोकं सुमारे सात ग्रॅम जड. गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बोने सगळे आयर्न एकाच, साडेसदतीस इंचांच्या लांबीचे केले, तेव्हा त्याला डोकीही एकाच वजनाची घ्यावी लागली.

शिशाची पट्टी दिसायला ओबडधोबड, पण मला तीच आवडते. चिकटवा, मारून बघा, नको वाटली तर सोला. फक्त नंतर हात धुवा. कायमचं काम हवं असेल तर शाफ्टच्या खालच्या टोकात पितळेची किंवा टंगस्टनची खुंटी बसते. त्यासाठी मात्र इपॉक्सी तापवून डोकं काढावं लागतं. ते घाईचं काम नव्हे.

एक चोरवाट आहे. १५ ग्रॅमने हलकी ग्रिप चढवा. काटा लगेच तीन पॉइंट वर जातो. डोकं मात्र एका ग्रॅमनेही जड झालेलं नसतं. ग्रिप तळहाताखालीच असते, ती फिरवायला कष्ट पडत नाहीत. फिरवण्याचा जडपणा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, काटा मात्र साध्या अंतरावर चालतो आणि तेही टेकूपासूनच्या. म्हणून काट्याचं समाधान होतं, हाताचं होत नाही.

(दृश्य: टीच्या खुंटीवर चेंडू. शेजारी आखूड केलेला ड्रायव्हर.)

२०१७ मध्ये गोल्फपटू जिमी वॉकर ४२ इंचांचा ड्रायव्हर घेऊन खेळत होता, रिकी फाउलर साडेत्रेचाळीसचा. बाजारातला ड्रायव्हर पंचेचाळीसच्या पुढे असतो. त्यातला दीड इंच कापला, तर आठ-नऊ पॉइंट उडतात. सगळे भरून काढायचे तर डोक्यात पंधरा ग्रॅम ओतावे लागतील. इथे हट्ट करू नये, असं माझं मत. अर्धी भरपाई करून आधी खेळून बघावं.

आणखी एक: क्लब आखूड झाला की डोकं जमिनीवर टेकण्याचा कोन किंचित बदलतो. हा कोन, म्हणजे लाय अँगल, तपासायचा राहून गेला, तर चेंडू भरकटतो आणि बोल स्विंगवेटला लागतो.

(दृश्य: सरावाची रेंज. तोच आयर्न, पाठीवर पट्टीचे तीन थर.)

सहा ग्रॅम लावले, काटा डी-२ दाखवतोय. दहा चेंडू मारले. खाली येताना डोकं आता जरा जास्तच ओढतंय. वरचा थर सोलला. पुन्हा दहा.

काट्यावर डी-१. शाफ्टवर पेन्सिलने तेवढंच लिहिलं, आणि आठ नंबरचा आयर्न व्हाइसमध्ये घेतला.