गोंधळ्याचा इसार

नमस्कार श्रोतेहो. गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं आमच्या गावी, परभणीजवळ. मंडपवाल्यानं आकडा सांगितला, आम्ही मान डोलावली. डीजेवाल्यानं निम्मे पैसे आधी मागितले, तेही मुकाट्यानं मोजले. गोंधळाचा विषय निघाला तेव्हा मात्र थोरले भाऊ म्हणाले, "देवीचं काम हाय, सकाळी बघू काय द्यायचं ते." गोंधळी गप्प उभा. मीही गप्पच होतो, हे कबूल करतो.

रात्री चौक भरला, पाच ऊस उभे राहिले, दिवटी पेटली. नाईक म्हणजे म्होरक्या गोंधळी, संबळवाला, तुणतुण्यावाला आणि मागं सूर धरणारा एक झिलकरी. पहाटेपर्यंत चौघांचा घसा सुकला नाही की हात थांबला नाही. सकाळी पाकीट मिळालं. त्यातून जीपचं भाडं गेलं, उरलेल्याच्या चार वाटण्या झाल्या. नाईकाला बाजूला घेऊन विचारलं, तर एकेकाच्या हाती सोयाबीन काढणीचा रोजही पडला नव्हता.

ही नामवंत गोंधळी राजाराम कदमांची परभणी. त्यांच्या गोंधळाचं कौतुक आपण सांगत फिरतो. पण संबळावर हात बसायला किती वर्षं जातात, आख्यानं पाठ करायला किती रात्री, याचा मोबदला धरतो कोण? कामही बारमाही नाही. लग्नसराई आणि नवरात्र सोडलं की पावसाळाभर संबळ खुंटीला आणि गडी रोजंदारीला. २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत तर लागोपाठ दोन लग्नसराया बुडाल्या.

राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. चांगलं आहे, पण ते पन्नाशीनंतर. तिशीतल्या संबळवाल्यानं तोवर काय खायचं? असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली, वय १६ ते ५९. तिथं नाव लावायचं तर आधी गोंधळ्यानं स्वतःला कामगार म्हणायला हवं, आणि त्याआधी आपण.

तेव्हा मंडळी, सुपारी देतानाच आकडा ठरवा. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं धरा. इसार हातावर ठेवा, आणि ऐनवेळी कार्यक्रम मोडला तर तो परत मागू नका. डीजेवाल्याकडं मागता का कधी?

यंदा धाकट्या पुतण्याचं लग्न आहे. त्याच नाईकाला मी निम्मे पैसे आधीच फोनवरून पाठवले. लगेच त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, चुकून आले का हे?"