शेवटच्या रांगेपर्यंत

(दृश्य: शाळेचं सभागृह, संध्याकाळ. बाकं भिंतीला सरकवलेली. शहाबादी फरशीवर खडूने आखलेला मोठा चौकोन.)

हा चौकोन रोज संध्याकाळी नव्याने आखावा लागतो. सकाळी शिपाईमामा फरशी पुसून घेतात, त्यात तो जातो. सहाच्या सुमाराला मुलं येतात, चपला दाराशी ओळीने लावतात आणि नाटक शिकवणाऱ्या ताई खडूचा तुकडा घेऊन खाली बसतात. ही विंग, हा पडदा, इथे प्रेक्षक. आज जिची गाणी रिक्षात आणि गणपतीच्या मांडवात वाजतात, तिचा पहिला रंगमंच हाच. सदाशिव पेठेतल्या एका शाळेतला, खडूचा.

(दृश्य: मोबाईलवरचं जुनं चित्रण. पांढरा फ्रॉक घातलेली लहान मुलगी.)

हे तिच्या बाबांनी काढलेलं. पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोक्यावरून हात उंच करून काढलंय, म्हणून हलतंय. ती सात वर्षांची आहे. फ्रॉकला कापूस चिकटवलाय, कारण ती ढग आहे. नाटकात तिला एक वाक्य आहे आणि एक गाणं. आता नीट बघा. वाक्य आठवत नाहीये. ती विंगेकडे बघत नाही, रडत नाही. सरळ गाण्याचा पहिला सूर धरते, चार वाक्यं आधीच, आणि पेटीवर बसलेले काका घाईघाईने पट्टी शोधत तिच्यामागून येतात. प्रेक्षकांना वाटलं, हे असंच बसवलंय.

(दृश्य: पुन्हा सभागृह. मुलं गोल धावतायत. धावताना गाणं.)

ताईंच्या वर्गातला हा रोजचा व्यायाम. गोल धावायचं आणि धावता धावता गायचं. धाप लागली तरी ओळ तुटता कामा नये. श्वास घ्यायचा तो ओळ संपल्यावर, छाती भरून आली म्हणून मध्येच नाही. पहिल्या आठवड्यात मुलं हसून हसून खाली बसतात. तिसऱ्या आठवड्यात हसू थांबतं आणि सूर सरळ जायला लागतो. आम्ही हे सलग दोन महिने चित्रित केलं आणि तेवढ्यात हा हिरव्या शर्टातला मुलगा कुठून कुठे गेला ते तुम्हाला दिसेलच.

ताई स्वतः ग्रिप्सची नाटकं बघत वाढल्या. बर्लिनमध्ये सुरू झालेली ही बालनाट्याची तऱ्हा डॉ. मोहन आगाशे यांनी १९८०च्या दशकात पुण्यात रुजवली. त्यात मोठे नट मुलांची कामं करतात, गोष्ट मुलांच्या घरातली आणि शाळेतली असते, आणि गाणं आलं म्हणून गोष्ट थांबत नाही. ती गाण्यातूनच पुढे सरकते. ताईंच्या नाटकात पऱ्या आणि राजपुत्र का नसतात, त्याचं कारण हे.

आणि मग आजी. ताईंच्या प्रत्येक तालमीला शेवटच्या रांगेत एक आजी बसलेल्या असतात. त्या कुणाला दिसत नाहीत. त्यांना जरा कमी ऐकू येतं आणि त्यांनी तिकीट काढलेलं आहे. मुलगा कितीही गोड गायला तरी ताई मागून एवढंच म्हणतात, "शेवटचा शब्द आजींपर्यंत आला नाही रे." मग पुन्हा. नाटकवाले याला शब्दफेक म्हणतात. ओरडणं वेगळं. पोटातून येणारा, टोकदार, शेवटच्या अक्षरापर्यंत न विरणारा शब्द वेगळा.

(दृश्य: जंगली महाराज रस्ता. बालगंधर्व रंगमंदिराचा दर्शनी भाग, झाडं, तिकीट खिडकी.)

या शहराला ही वाट नवी नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा लहान मुलगा गायला, ते लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि 'बालगंधर्व' हे नाव पडलं, असं सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्यांच्या ऐन बहराच्या काळात नाटकाला ध्वनिक्षेपक नव्हते. पद शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं ते गळ्याने. त्या काळात घरोघरी गुणगुणली जाणारी गाणी नाटकातूनच येत होती. तबकड्या निघायच्या त्याही नाट्यपदांच्या. त्यांच्या नावाचं हे रंगमंदिर १९६८ साली, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला उघडलं.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं. २४ एप्रिल १९४२ला गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात वारले. थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची. वडिलांच्या नाटकात ती त्याआधीच उभी राहिलेली होती. आता घर चालवायला मास्टर विनायकांच्या आधाराने चित्रपटात छोटी कामं करू लागली. 'पहिली मंगळागौर' त्याच वर्षीचा. अभिनय तिला कधी आवडला नाही, पण पुढे गाण्यातला एकेक शब्द जो जिवंत झाला, त्यामागे लहानपणी बघितलेलं आणि केलेलं नाटक आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: पहाट. द्रुतगती मार्ग, घाटातले दिवे. गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेली मुलगी, मोबाईल चित्रण.)

नवव्या वर्षी मालिका मिळाली. पहाटे चारला पुणं सोडायचं, घाटाखाली थांबून चहा-वडा, नऊच्या आत गोरेगाव. ही कापडी पिशवी तिच्या आईची. तिच्यात वह्या, डबा, स्वेटर आणि एक घडी केलेला कागद: बाल कलाकारांसाठीचे २०१७चे नियम. दिवसात ५ तासांहून जास्त काम नाही. सलग ३ तासांहून जास्त नाही, मध्ये विश्रांती हवी. सलग २७ दिवसांहून जास्त चित्रीकरण नाही. आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, मूल सज्ञान होईपर्यंत. घड्यांवर कागद फाटलाय, तिथे चिकटपट्टी लावलीये. बघा, किती वेळा बाहेर काढला असेल तो.

शाळा बुडली, सहावीचं वर्ष कसंबसं पार पडलं.

दोन वर्षांनी मालिकेत लीप आला. मालिकेच्या धंद्यात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. कथा एका भागात बारा वर्षं पुढे जाते, आणि कालपर्यंतची छोटी दुसऱ्या चेहऱ्याने दारातून आत येते.

(दृश्य: घरची बैठकीची खोली. टीव्ही सुरू. ती आणि आई पाठमोऱ्या. निवेदन नाही, २० सेकंद.)

(दृश्य: महाविद्यालयाचं आवार. मुलं नेपथ्याचे फ्लॅट रंगवतायत, ढोलकी, गिटार, रंगांचे डबे.)

मधल्या वर्षांचं चित्रण नाही. आवाज उतरला तो याच काळात. मुलींचा आवाज मुलांसारखा फुटत नाही, पण खाली येतो, त्यात हवा मिसळते, आणि लहानपणची पट्टी अचानक परकी होते. तिने ताईंकडे जाणं मात्र सोडलं नाही. आता ती लहान मुलांना धावायला लावायची.

मग फिरोदिया करंडक. पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं: ही महाविद्यालयांची स्पर्धा आहे आणि त्यात एकाच प्रयोगात नाटक, संगीत, नृत्य, चित्र, जे जे येतं ते सगळं गोष्टीत गुंफायचं असतं. गाणं स्वतःचं, वाजवणारे स्वतःचे, आणि सगळं प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे. तिच्या संघाला एका प्रवेशासाठी गाणं कमी पडत होतं. पीएमपीच्या बसमध्ये, डेक्कन ते कोथरूड डेपो, तिकिटाच्या मागे तिने मुखडा लिहिला. तिकीट हे असं एवढंसं. त्यावर साडेतीन ओळी मावल्यात.

(दृश्य: कर्वेनगरमधली एक खोली. लाकडी कपाटाची दारं उघडी, आत गोधड्या टांगलेल्या. माईक.)

हा स्टुडिओ. हे कपाट दादाच्या आजीचं. दादा म्हणजे ताईंच्याच वर्गातला, ढगाच्या नाटकात पडदा ओढणारा मुलगा. आता तो ध्वनिमुद्रण करतो. खोलीच्या भिंतींवरून आवाज परत येऊ नये म्हणून कपाटात गोधड्या टांगायच्या आणि त्यांच्याकडे पाठ करून गायचं. पंखा बंद. खालच्या मजल्यावर कुकर लागला की थांबायचं. शिट्ट्या मोजायच्या, चार झाल्या की पुन्हा टेक.

पहिल्या दिवसाचा टेक ऐका.

(ध्वनी: ८ सेकंद. आवाज फाटतो.)

आवाजाची पातळी दाखवणारा मीटर तांबडा झाला. भ, ख, ठ आले की माईकवर हवा आदळते. तोंडासमोरची ही जाळी तेवढ्यासाठीच आहे, पण तिलाही हे झेपेना. दादा म्हणाला, "अगं, आजी इथे नाहीयेत. मी आहे, आणि माईक एक वीत अंतरावर आहे." दहा वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायला शिकलेल्या मुलीला आता तो कुणाच्या तरी कानात सांगायचा होता.

दुसऱ्या आठवड्यात ती इतकी हळू गायली की शब्दच कळेनात. बरेच पॉप गायक शब्द गिळतात, आणि मराठीत तर 'ळ' आणि 'ण' सर्वांत आधी जातात. ती ते करायला तयार नव्हती. मग दोघांनी मिळून मार्ग काढला: आवाज लहान ठेवायचा, व्यंजनं मात्र नाटकातल्यासारखी पूर्ण उच्चारायची. एका ओळीचे सव्वीस टेक झाले. कागदावर दादाने मारलेल्या रेघा मोजून बघा.

ठोक्याचा प्रश्न वेगळाच. नाटकात पेटी गाणाऱ्यासाठी थांबते. इथे हेडफोनमध्ये मिनिटाला ९६ ठोके पडतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत. ती सारखी पुढे पळायची. शेवटी तिने चप्पल काढली, गादी अंथरली आणि गादीवर जागच्या जागी धावत गायली. ओळ संपली, श्वास. ओळ संपली, श्वास. तुम्ही ऐकता ते गाणं त्या टेकमधलं आहे. सूर ओढून जागेवर आणणारं सॉफ्टवेअर दादाकडे आहे; त्याने ते दोन ठिकाणी वापरलं, आणि ती दोन ठिकाणं त्याने आम्हाला स्वतः दाखवली.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. घड्याळात १२.)

गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, मिळाला, मुखपृष्ठाचं चित्र चढलं, गाणं बाहेर आलं. पुढचं तुम्ही बघितलं आहे. एका कंपनीने करार पुढे केला, त्यात गीतकार म्हणून तिचा रॉयल्टीचा हक्क सोडून देण्याचं कलम होतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर तसा तो सोडून देता येत नाही, हे वकिलांनी दाखवलं आणि कलम निघालं. कॉलेजचं एक वर्ष मागे पडलं.

(दृश्य: पुन्हा शाळेचं सभागृह. दाराला कुलूप. बाहेर पायरीवर बसलेली मुलं.)

या संध्याकाळी हॉल मिळाला नाही. मार्चमध्ये परीक्षा असतात, मेमध्ये लग्नाला जातो, आणि कधी नुसतीच किल्ली सापडत नाही. ताईंनी तालीम पायऱ्यांवर घेतली. पेठेपेठेत एखाद्या शाळेने आठवड्यातून दोन संध्याकाळी एक हॉल उघडा ठेवला, तर या मुलांना पुरे आहे. त्यांना दिवे नकोत, पडदा नको. पुसता येईल अशी फरशी हवी.

(दृश्य: कोथरूड, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. रिकाम्या खुर्च्या. रंगमंचावर स्पीकर, तारा.)

आज रात्री तिचा कार्यक्रम आहे. कोरसमध्ये ताईंच्या वर्गातली आठ मुलं आहेत. आवाजाची जुळणी चालली आहे. तिने माईक बंद करायला सांगितला आणि त्या हिरव्या शर्टातल्या मुलाला शेवटच्या रांगेत पाठवलं. जाऊन बस तिथे. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

ती एक ओळ गाते.

"शेवटचा शब्द नाही आला, दीदी!"

ती पुन्हा गाते. आता तो हात वर करतो आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने धावत परत येतो, कोरसमधली त्याची जागा गाठायला.

(दृश्य: रात्र. नाट्यगृह भरलेलं. पडदा. तिसरी घंटा.)

इथून पुढे साडेतीन मिनिटं गाणं आहे. निवेदन नाही.