जुना स्पार्क प्लग टाकून देण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग बदलताना जुने प्लग न पाहताच टाकून दिले जातात, याची मला खंत वाटते. कारण सिलिंडरच्या आत ज्वलन कसे होते आहे, हे इंजिन न उघडता त्यांच्यावरूनच कळते.

हे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, आटे गरम असताना लवकर खराब होतात. प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लगला वायरी असतील तर एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे त्यांची अदलाबदल होत नाही.

आता काढलेला प्लग उजेडात धरून पाहा. मधल्या विद्युताग्राभोवतीचे, म्हणजे ठिणगी जिथे पडते त्या धातूच्या दांडीभोवतीचे, चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर चिंतेचे कारण नाही. त्यावर कोरडी काळी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते आहे, किंवा गाडी सतत जवळच्याच फेऱ्या मारत असल्याने प्लग पुरेसा तापतच नाही. तेलकट ओल दिसली, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याची शंका घ्यावी. तिथे नुसता नवा प्लग बसवून भागत नाही. टोक पांढरेफटक होऊन त्यावर फोड आले असतील, तर प्लग अति तापला आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर त्याच सिलिंडरकडे लक्ष द्यावे, म्हणून काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवावेत.

विद्युताग्रांच्या कडा झिजून गोल झाल्या की त्यांच्यातली फट वाढते, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि ते व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो. ही फट बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. इरिडियम या धातूचे नाजूक टोक फट मोजण्याच्या गेजने दाबू नये. साधे निकेलचे प्लग साधारण ३०,००० ते ५०,००० किलोमीटर चालतात, तर इरिडियमचे अनेक प्लग १,००,००० किलोमीटरच्या आसपास टिकतात.

नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवावा आणि जरा जरी अडला तरी जोर न लावता बाहेर काढून पुन्हा सरळ लावावा, कारण आटे एकदा चढले की हेडचीच दुरुस्ती करावी लागते. तो टेकल्यावर टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंतच आवळावा. असा पाना नसेल, तर वॉशरचा नवा प्लग टेकल्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. बिनवॉशरच्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला मात्र फेऱ्याचा जेमतेम सोळावा भाग.