कामावर असलेला वारसा

हा एल्ब नदीवरचा पूल, जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर. २००४ साली युनेस्कोनं इथलं नदीखोरं जागतिक वारसा यादीत घेतलं, लगेच पुढच्या वर्षी शहरातल्या लोकांनी मतदान करून सांगितलं की आम्हाला चारपदरी पूल हवाच, आणि मग २००९ मध्ये युनेस्कोनं नाव यादीतून काढून टाकलं. पूल २०१३ ला सुरू झाला, गाड्या मस्त धावतायत. "बघा, वारसा गेला तरी काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. खरं सांगायचं तर ड्रेस्डेनपुरतं ते अगदीच चूक वाटत नाही, तिथे गेला तो मुख्यतः देखावा. पण काही वारसा रोज कामावर असतो, आणि तो काढून घेतला की काय होतं ते बघायला बालीत जायला लागेल.

डोंगरउतारावरची ही भाताची खाचरं तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा बघितली असतील. आपण बांधावर उतरू. पाटात आडवा टाकलेला हा ओंडका बघा, त्याला दोन खाचा पाडल्यात, एक रुंद आणि एक अरुंद. ज्या बाजूला जमीन जास्त तिकडची खाच रुंद, बस्स, मीटर नाही, व्हॉल्व्ह नाही, आणि कोणी रात्रीत खाच मोठी केली तर सकाळी सगळ्या गावाला दिसणार!

एका पाटावरचे शेतकरी मिळून जी संघटना चालवतात तिला सुबक म्हणतात, ही पद्धत हजारेक वर्षं तरी जुनी आहे. पाण्याच्या प्रत्येक फाट्यावर एक देऊळ, आणि वर बातुर सरोवराशी जोडलेलं उलुन दानु बातुर हे मोठं देऊळ. लावणी कधी करायची, शेत कधी मोकळं ठेवायचं, हे सगळं या देवळांच्या साखळीतून ठरतं.

आता यातली खरी गोम ऐका. सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही, आणि प्रत्येकानं मनाला येईल तेव्हा केली तर तुडतुड्यांना, म्हणजे भाताचा रस शोषणाऱ्या किड्यांना, बारा महिने कुठे ना कुठे हिरवं शेत मिळतंच. म्हणून गटागटानं पुढेमागे लावणी, पण एका गटातली शेतं मात्र एकाच वेळी कापायची, पाणी भरून रिकामी ठेवायची आणि त्यात बदकं सोडायची, ती सांडलेले दाणे पण खातात आणि किडे पण, आणि पुढच्या लावणीपर्यंत तुडतुड्यांची उपासमार.

१९७० च्या दशकात हरितक्रांती आली. इंडोनेशियाला (बाली त्याच देशातलं बेट) तांदूळ बाहेरून आणावा लागत होता त्यामुळे सरकारचा हेतू काही वाईट नव्हता, नवीन वाण घ्या, जमेल तितकी पिकं घ्या, देवळाच्या वेळापत्रकासाठी थांबू नका. सुरुवातीला उत्पादन वाढलं पण. मग पाण्यासाठी ओढाताण, मग तपकिरी तुडतुड्यांच्या झुंडी, मग फवारणीवर फवारणी. शेतकरी म्हणत होते जुनं वेळापत्रक परत आणा, तर बाहेरच्या तज्ज्ञांना ते निव्वळ देवभोळेपण वाटत होतं. शेवटी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी कॉम्प्युटर मॉडेल बनवलं, सगळे एकदम, प्रत्येक जण वेगळा आणि मधले सगळे प्रकार चालवून बघितले, आणि चांगलं उत्पादन निघालं ते देवळांच्या साखळीच्या आसपासच.

२०१२ मध्ये युनेस्कोनं सुबकला यादीत घेतलं. त्यानं पर्यटक वाढले, आणि शेतजमिनीवर व्हिला न् हॉटेलं उठायचं काही थांबलेलं नाही. पाटाच्या वरच्या अंगाची चार शेतं विकली गेली की खालच्यांच्या पाण्याचा हिशोब विस्कटतो, मग दरीतून दिसणारा फोटो कितीही हिरवागार असो.

इराणच्या कनातांची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यांची गोष्टही याच जातीची. डोंगरपायथ्याच्या भूजलापासून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणायचा, हवेसाठी आणि माती काढायला मधे मधे विहिरीसारखे झरोके, आणि पाणी पंपाशिवाय आपल्या पायानं गावात येतं. गंमत म्हणजे जमिनीत जितकं झिरपतं त्याहून जास्त उपसणं या रचनेत जमतच नाही, भूजल खाली गेलं की बोगद्यातलं पाणी आपोआप कमी. डिझेल आणि विजेच्या पंपांना असला लगाम नाही, खोल विहिरी झाल्या, पातळी कनाताच्या खाली गेली आणि कितीतरी कनात कोरडे पडले.

२०१६ साली त्यातले ११ कनात वारसा यादीत आले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांमध्येही ११.४ या क्रमांकाखाली जगाचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपा असं लिहिलंय, एका ओळीत. पण कनाताला लागतो तो हरीम, म्हणजे आजूबाजूचा असा पट्टा जिथे दुसऱ्यानं विहीर खणायचीच नाही. हा नियम तिथे शतकानुशतकं चालत आलाय, तो पाळायला लावणारं कोणी असेल तर बोगद्यात पाणी येतं.