पुरंदरचा राखणदार: उमाजी नाईक

नमस्कार श्रोतेहो.

पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी नावाचं गाव आहे. तिथे १७९१ साली, दादोजी खोमणे यांच्या रामोशी घरात उमाजींचा जन्म झाला. गडाची राखण हे या घराण्याचं पिढीजात काम. रात्रीची गस्त, चोरवाटांची माहिती, माग काढायची हातोटी हे सगळं उमाजी लहानपणीच शिकले. भालाफेक, तिरंदाजी, गोफण यांतही ते तरबेज झाले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ले कंपनी सरकारच्या हाती गेले. गडच आपले राहिले नाहीत, तर गडाच्या राखणदारांना कोण विचारणार? वतनं गेली, पोटाची सोय गेली. ज्यांच्या भरवशावर गावं निर्धास्त झोपायची, त्यांच्यावरच नव्या राज्यात चोराचा शिक्का बसला. उमाजींच्या बंडाचं मूळ या अन्यायात आहे.

सुरुवातीच्या एका तुरुंगवासात ते लिहायला-वाचायला शिकले. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. शिक्षा भोगणारा एक तरुण रामोशी कोठडीत बसून अक्षरं गिरवतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. पुढे त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेही हे कौतुकाने नोंदवून ठेवलं.

पुरंदर, जेजुरी, सासवड, भोर हा सगळा डोंगराळ मुलूख त्यांना तळहातासारखा ठाऊक होता. खंडोबावर त्यांची गाढ श्रद्धा. सावकार आणि सरकारी खजिने लुटायचे आणि गोरगरिबांना मदत करायची, म्हणून लोक त्यांना आसरा देत आणि सरकारी पथकं हात हलवत परत जात. सरकारने माफी देऊन नोकरीत घेण्याचा डावही टाकला, पण उमाजी त्यात फार काळ अडकले नाहीत.

श्रोतेहो, त्यांना केवळ दरोडेखोर म्हणणाऱ्यांनी १८३१ चा त्यांचा जाहीरनामा लक्षात घ्यावा. फिरंग्यांची चाकरी सोडा, त्यांचे खजिने लुटा, त्यांना शेतसारा देऊ नका, असं त्यात बजावलं होतं. कंपनीचं राज्य साऱ्यावर उभं होतं आणि उमाजींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. लुटीवर पोट भरणारा माणूस साऱ्याची गोष्ट कशाला काढेल? माझ्या मते त्यांच्या मनात राज्य उलथवायचंच होतं.

सरकारने दहा हजार रुपयांचं इनाम आणि वर जमीन जाहीर केली. त्या काळी ही रक्कम केवढी! शेवटी फितुरीनेच घात केला. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोळी गावी उमाजी पकडले गेले. पुण्यात खटला चालला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिलं. तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस झाडाला टांगून ठेवला होता, असं सांगतात.

पण दहशत काही बसली नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचललं, तेव्हा त्यांच्या बाजूने सर्वांत आधी उभे राहिले ते रामोशीच.