पाच हंगामांचं उर्झिचेनी

श्रोतेहो, नमस्कार.

रोमानियाची राजधानी बुखारेस्ट. तिथून ईशान्येला साठेक किलोमीटर गेलं की बरगानच्या सपाट, काळ्या मातीच्या मैदानात उर्झिचेनी लागतं. गहू, मका आणि सूर्यफुलाचा हा मुलूख. वस्ती जेमतेम पंधरा-सतरा हजारांची. उत्तरेला मोल्दाव्हियाकडे जाणारा हमरस्ता आणि काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्तान्त्साला जाणारा जुना रस्ता इथंच फुटतात. त्यामुळे रोमानियातल्या पुष्कळांनी हे गाव गाडीच्या काचेतून पाहिलेलं असतं. खाली उतरून चहापाणी घ्यावं असं मात्र तिथं काही नव्हतं.

या गावाचा फुटबॉल संघ २००९ साली रोमानियाचा विजेता झाला. त्याच वर्षी तो चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, खेळला आणि ग्लासगोच्या रेंजर्सला त्यांच्याच घरी चार गोल देऊन आला. २०११ च्या उन्हाळ्यात तो संघ उरलाच नाही. त्याचं नाव उनिर्या उर्झिचेनी.

क्लबची स्थापना १९५४ ची. पहिल्या पन्नास वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि उगाच ताणण्यात अर्थही नाही. जिल्ह्याच्या आणि खालच्या श्रेणींच्या स्पर्धांत हा संघ खेळत राहिला, कधी वर चढला, कधी खाली आला. अशा गावोगावच्या संघांवर कुठल्याही देशाचं फुटबॉल उभं असतं आणि त्यांच्याबद्दल कुणी भाषण देत नाही. पुढे दुमित्रू बुक्शारू या उद्योजकाचा पैसा क्लबमागे उभा राहिला आणि चित्र पालटलं. २००६ मध्ये उनिर्या पहिल्यांदाच पहिल्या श्रेणीत आला. गावातल्या मैदानाचं नाव तिनेरेतुलुई, क्षमता सात हजारांच्या घरात. म्हणजे निम्मं गाव एका वेळी सामन्याला बसू शकलं असतं.

त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून डॅन पेट्रेस्कू आला, आणि इथं थोडं थांबायला हवं. नव्वदच्या दशकात फुटबॉल पाहणाऱ्या श्रोत्यांना हे नाव आठवत असेल. चेल्सीचा उजव्या बगलेचा खेळाडू. १९९८ च्या विश्वचषकात तुलूझला रोमानियाने इंग्लंडला २-१ ने हरवलं, तेव्हा अगदी शेवटी विजयी गोल मारणारा हाच. त्याच वर्षी चेल्सीने स्टॉकहोममध्ये स्टुटगार्टला हरवून कप विनर्स कप जिंकला. त्या अंतिम सामन्यात पेट्रेस्कूला लाल कार्ड मिळालं होतं. स्टुटगार्ट हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोलंडमधल्या विस्वा क्राकूव्ह संघाचं काम सुटल्यावर पेट्रेस्कू उर्झिचेनीत आला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार. पण लहान गावातला मोठा संघ त्याला नवा नव्हता. १९८६-८७ चा हंगाम तो स्त्यावा बुखारेस्टकडून उसना म्हणून एफसी ओल्त या संघात खेळला होता. एफसी ओल्त हा स्कोर्निचेश्तीचा संघ, आणि स्कोर्निचेश्ती म्हणजे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूचं जन्मगाव. तो संघ वर कसा आला हे ऐकण्यासारखं आहे. १९७८ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून बढती मिळवायची होती आणि मोरेनीच्या फ्लाकारा संघाशी गोलफरकाची शर्यत होती. शेवटच्या सामन्यात एफसी ओल्तने स्लातिनाच्या इलेक्ट्रोदुल संघाला किती गोलांनी हरवावं? १८-०! पुढच्याच वर्षी तो पहिल्या श्रेणीत होता. तिथं दहा वर्षं काढली. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि महिन्याभरात, हंगामाच्या अधेमध्येच, संघ स्पर्धेतून बाहेर काढला गेला. पोलीस खात्याच्या व्हिक्टोरिया बुखारेस्टचंही तेच झालं. सत्तेच्या जिवावर उभे होते, सत्तेबरोबर गेले.

उनिर्याची गोष्ट मला त्याहून जास्त गुंतागुंतीची वाटते, कारण इथं कुणी अठरा गोल वाढून दिले नव्हते. हा संघ खरोखर चांगला होता.

पेट्रेस्कूने जमवलेली माणसं बघा. गोलरक्षक गिएद्रियुस अर्लाउस्किस हा लिथुआनियाचा, तोवर कुणाला फारसा ठाऊक नसलेला. मधल्या फळीत पाब्लो ब्रांदान हा अर्जेंटिनाचा. ब्राझीलचा रिकार्दो, ब्रुनो फर्नांदेस, आणि बचावात जॉर्जे गलामाझ. पुढे मारियुस बिलाश्को, आणि पोर्तुगालचा सेमेदो. कुठल्याही मोठ्या क्लबने ज्यांच्यासाठी रांग लावली असती असा यांत एकही नव्हता. व्यवस्थापनात मिहाई स्तोइका होता, स्त्यावाचा कारभार पाहून आलेला मुरब्बी माणूस. खेळ म्हणाल तर देखणा नव्हे. मागे घट्ट उभं राहायचं, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, चेंडू हिसकावला की चार-पाच पासमध्ये गोलपाशी. असा खेळ टीव्हीवर बघताना कंटाळा येतो हे मी मान्य करतो. गुणतक्ता मात्र कंटाळत नाही.

२००८ मध्ये उनिर्या रोमानियन कपच्या अंतिम फेरीत सीएफआर क्लुजकडून २-१ ने हरला. त्याच वर्षी युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत, पहिलं पाऊल टाकलं आणि हॅम्बर्गला जाऊन ०-० बरोबरी केली. परतीचा सामना ०-२ असा गेला, पण जर्मनांना त्यांच्या घरी गोल करू दिला नाही ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती. मग २००८-०९ चा हंगाम. बुखारेस्टचा दिनामो मागे पडला आणि विजेतेपद उर्झिचेनीला गेलं.

याचं मोल कळायला एक आकडा सांगतो. १९९२ पासून २००७ पर्यंत, सलग सोळा हंगाम, रोमानियाचं विजेतेपद बुखारेस्टच्या बाहेर गेलंच नव्हतं. स्त्यावा, दिनामो आणि रॅपिड या तिघांतच ते फिरत होतं. २००८ मध्ये क्लुजने ती मक्तेदारी मोडली. पण क्लुज हे ट्रान्सिल्व्हेनियातलं मोठं शहर, विद्यापीठाचं, तीन लाखांवर वस्तीचं. उर्झिचेनी तर जिल्ह्याचं मुख्य ठिकाणसुद्धा नाही. यालोमित्सा जिल्ह्याचा कारभार स्लोबोझियातून चालतो.

आणखी एक गंमत. त्या वर्षी रोमानियाच्या विजेत्याला चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश होता, पात्रता फेऱ्या नाहीत. ही जागा कुणी कमावली होती? मुख्यतः बुखारेस्टच्याच क्लबांनी. २००६ च्या युएफा कपमध्ये स्त्यावा उपांत्य फेरीत आणि रॅपिड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले, देशाचं मानांकन वधारलं. पानं राजधानीच्या क्लबांनी मांडली, आणि जेवायला बसले क्लुज आणि उर्झिचेनी.

गट मिळाला तो सेव्हिया, स्टुटगार्ट आणि रेंजर्स यांचा. गावातलं मैदान युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, निकषांत बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने बुखारेस्टमध्ये, स्त्यावाच्या गेन्चा मैदानावर. तिथं तेव्हा अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं मावायची. आता सगळं उर्झिचेनी, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, बसमध्ये घालून आणलं असतं तरी ते भरलं नसतं. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे सामने क्लबच्या गावाने साठ किलोमीटर दूर जाऊन पाहायचे, किंवा घरी टीव्हीवर. मला वाटतं, या गोष्टीची मेख इथंच आहे.

सेव्हियात ०-२ हार. स्टुटगार्टशी घरी १-१. आणि २० ऑक्टोबर २००९ ला ग्लासगोचं आयब्रॉक्स. रेंजर्स म्हणजे पन्नासेक स्कॉटिश विजेतेपदांचा क्लब, दीडच वर्षापूर्वी युएफा कपचा अंतिम सामना खेळलेला. दुसऱ्याच मिनिटाला रिकार्दोच्या स्वयंगोलाने रेंजर्स पुढे. अशा वेळी पाहुण्या नवख्या संघाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तसं झालं नाही. रेंजर्सच्या स्टीव्हन डेव्हिसची पेनल्टी अर्लाउस्किसने अडवली. अर्ध्या तासानंतर बिलाश्कोने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर रेंजर्सच्याच लॅफर्टी आणि मॅककलक यांच्या पायांना लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, एकदा नव्हे, दोनदा. मग ब्रांदानने चौथा. १-४. तीन स्वयंगोलांचा सामना म्हणून हसण्यावारी नेता येईल, पण स्वयंगोलसुद्धा समोरच्याला सतत धावायला लावल्याशिवाय पडत नाहीत.

परतीच्या सामन्यात ओनोफ्राशने अगदी शेवटी १-१ केलं. सेव्हियाला बुखारेस्टमध्ये १-० ने हरवलं, तोही द्रागुतिनोविचचा स्वयंगोल. पाच सामन्यांनंतर उनिर्याचे आठ गुण, स्टुटगार्टचे सहा. शेवटचा सामना स्टुटगार्टला, ९ डिसेंबरला. नुसती बरोबरी पुरे होती. बरोबरी झाली असती तर पंधरा हजारांचं गाव युरोपातल्या सोळा सर्वोत्तम संघांत असतं.

स्टुटगार्टने तीनच दिवसांपूर्वी प्रशिक्षक बदलला होता. ख्रिस्तियान ग्रॉस नवा आलेला, खेळाडू चवताळलेले. पाचव्या मिनिटाला त्रेश. आठव्या मिनिटाला चिप्रियान मारिका, जो स्वतः रोमानियन. अकराव्या मिनिटाला पोग्रेब्न्याक. ज्या संघाची सारी ओळख मागे घट्ट उभं राहणं ही होती, तो अकरा मिनिटांत तीन गोल खाऊन बसला. मध्यंतरानंतर लगेच सेमेदोने एक परत केला, पण ३-१ च राहिलं. गटात उनिर्या तिसरा, रेंजर्स दोन गुणांवर तळाला.

त्यानंतर उतार लागला, आणि तो वेगाने लागला. डिसेंबर संपतासंपता पेट्रेस्कू रशियातल्या कुबान क्रास्नोदारला निघून गेला. इस्रायलचे रॉनी लेव्ही आले. गटात तिसरा आल्यामुळे उनिर्या युरोपा लीगमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या युएफा कपमध्ये, गेला होता; तिथं फेब्रुवारीत समोर लिव्हरपूल. अॅनफिल्डवर एक्याऐंशीव्या मिनिटापर्यंत ०-०, मग एन्गोगचा गोल. बुखारेस्टमध्ये ब्रुनो फर्नांदेसने आघाडी घेतली, क्षणभर आशा वाटली, पण मास्चेरानो, बाबेल आणि जेरार्ड यांनी ती मोडली. त्या हंगामात उनिर्या देशात दुसरा आला. वाईट नव्हे. पण २०१० च्या उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत झेनितकडून आणि युरोपा लीगच्या पात्रतेत हायदुक स्प्लितकडून हार पत्करावी लागली. युरोपचा पैसा बंद झाला, आणि मालकाने आवराआवर सुरू केली.

गलामाझ, ब्रांदान, बिलाश्को, रिकार्दो, आपोस्तोल, ओनोफ्राश. आयब्रॉक्स गाजवलेल्या संघातले हे सगळे त्याच उन्हाळ्यात स्त्यावात गेले. अर्लाउस्किस पुढे रुबिन कझानला. ज्या स्त्यावाच्या मैदानावर हा संघ चॅम्पियन्स लीग खेळला, त्याच मैदानावर आता त्याचे खेळाडू दुसऱ्याचा शर्ट घालून उतरले. उरलेल्या उनिर्याने २०१०-११ चा हंगाम कसाबसा ओढला, दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि पुढच्या हंगामासाठी मैदानात आलाच नाही. विजेतेपदापासून दोन वर्षांत क्लब बंद.

रोमानियात यावर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मालकाने गावाचा विश्वासघात केला. दुसरा म्हणतो, त्याचा पैसा, त्याची मर्जी. तो नसता तर उर्झिचेनीचं नाव कुणी घेतलं असतं? मला दुसरा सूर जास्त खरा वाटतो, आणि तरीही तो मला पटत नाही. कारण तुलनेला तोच रेंजर्स हाताशी आहे. २०१२ मध्ये, म्हणजे उनिर्याच्या पाठोपाठ वर्षभरात, रेंजर्स चालवणारी जुनी कंपनी कर्जात बुडाली. क्लबला स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्या ऑगस्टमध्ये आयब्रॉक्सवर ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्धचा चौथ्या श्रेणीचा सामना पाहायला ४९ हजारांहून जास्त माणसं आली. मैदानावर १-४ ने हरलेला क्लब टिकला आणि जिंकलेला गेला. ग्लासगोत पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढणारी माणसं होती. उर्झिचेनीत पहिल्या श्रेणीची सवय लागायलाच फक्त पाच हंगाम मिळाले, आणि त्यातले मोठे सामने परगावी झाले. मालक निघाला तेव्हा क्लब हातात धरून ठेवायला कुणी पुरेसं उभं नव्हतं. यात गावाचा दोष काढावा असं मला वाटत नाही. पंधरा हजारांत अशी किती माणसं निघणार?

निघून गेलेल्यांचं बरं चाललं. पेट्रेस्कूने पुढे सीएफआर क्लुजला विजेतेपदं मिळवून दिली, आणि तिथं त्याच्या गोलमध्ये पुन्हा अर्लाउस्किसच होता. उर्झिचेनीत काही वर्षांनी त्याच नावाने नवा संघ उभा राहिला, खालच्या श्रेणीत. आणि २०२४ मध्ये यालोमित्सा जिल्ह्यातून पुन्हा एक संघ पहिल्या श्रेणीत चढला. त्याचंही नाव उनिर्याच, पण तो स्लोबोझियाचा.

नमस्कार.