सही कुणाची चालते?

नमस्कार, श्रोतेहो.

शाळाप्रवेश असो, बँकेतलं खातं असो, अर्ज भरताना 'वडिलांचे नाव व सही' या रकान्यापाशी कितीतरी आयांचं पेन अडतं. कुणाचा नवरा घर सोडून गेलेला असतो, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणी एकटीने मूल दत्तक घेतलेलं असतं. कौटुंबिक कायदा किती बदलला, हे मला विचाराल तर न्यायालयापेक्षा आधी या रकान्यात कळतं.

१९८४ सालची गोष्ट. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांची. नवरा-बायकोचं तसं ठरलेलं होतं, भांडण कसलंच नव्हतं. तरी अर्ज परत आला : वडिलांची सही आणा. कारण १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो की, मुलाचे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. हे 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच, असंच सगळे धरून चालले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं, तसं नाही. वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, किंवा दोघांच्या संमतीने आईच सगळं पाहत असेल, तर पालक आईच. निकालाला १९९९ उजाडलं, श्रोतेहो! तेवढ्यात पाळण्यातलं मूल दहावीला जातं.

पुढे २०१५ मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती आईचं प्रकरण आलं. तिला बचत आणि विम्यासाठी मुलाला नॉमिनी म्हणून नोंदवायचं होतं. पालकत्वासाठी अर्ज केला, तर खालच्या न्यायालयाने म्हटलं, वडिलांचं नाव सांग, त्यांना नोटीस जाऊ दे. उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुलाचं हित आधी पाहिलं आणि नाव न सांगण्याचा तिचा हक्क मान्य केला.

आणि २०२२ मधली चंडीगढच्या एका सरकारी संस्थेतली परिचारिका. तिने विधुराशी लग्न केलं, त्याच्या दोन्ही मुलांना आपलं मानलं. स्वतःचं पहिलं बाळ झालं तेव्हा प्रसूती रजा नाकारली, का, तर तुम्हाला आधीच दोन मुलं आहेत! सावत्र मुलांचं प्रेमाने केलं, त्याचा असा हिशेब. सर्वोच्च न्यायालयाने रजा दिलीच, शिवाय निकालात लिहिलं की, पुनर्विवाहातून, दत्तक घेऊन किंवा एकट्या पालकाने उभं केलेलं घरही कुटुंबच असतं, आणि समलैंगिक जोडप्याचंही.

समलैंगिक विवाहाला मात्र याच न्यायालयाने २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. तो विषय संसदेचा, असं म्हटलं. आज अशा जोडप्याला संयुक्त बँक खातं काढता येतं. बाकी बरंच काही अजून नाही.

आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. निर्णय चांगला आहे. पण नाव लागणं वेगळं आणि सही चालणं वेगळं. १९५६ च्या कायद्यातलं ते वाक्य आजही जसंच्या तसं आहे. ते बदलून आई-वडिलांना समान पालक करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. माझा आक्षेप इथेच आहे. न्यायालय वाट काढून देतं, पण ती वाट खिडकीमागच्या कारकुनाला ठाऊक नसते. आणि प्रत्येक आईने वकील लावून ती पुन्हा दाखवायची, हा कुठला न्याय?

तोवर, कुणी तुमचा अर्ज वडिलांच्या सहीसाठी अडवला, तर तोंडी नकार घेऊन परतू नका. कारण लेखी मागा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या : १५१००.

नमस्कार.